सिंडिकेटवर कोण बसतं? माहिती अधिकारातून मिळालेली यादी

कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यातली मुलं ज्या सरकारी विद्यापीठाची पदवी घेतात, तिथले निर्णय कोण घेतं हे प्राध्यापकांच्या खोलीत विचारून बघा, नीट उत्तर मिळत नाही. सिंडिकेट (म्हणजे विद्यापीठाचा कारभार चालवणारं मुख्य मंडळ), विद्याविषयक परिषद, अभ्यास मंडळ ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण त्यांवरची माणसं कोण? बायका किती, दलित-आदिवासी किती, सीमाभागातलं कुणी आहे का? वेबसाइटवरची यादी जुनी होती, म्हणून मी माहिती अधिकाराचा अर्ज केला.

खरं तर मंडळं आणि समित्यांचा तपशील विद्यापीठानं आपणहून जाहीर करायचा असतो. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये ते स्पष्ट आहे. अर्जात हे कलम आवर्जून घाला.

अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. मी कन्नडमध्ये केला. कन्नड शिकवणाऱ्या सहकारी बाईंनी तो मायेनं तपासून दिला. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून सदस्यांची यादी आणि बैठकांचं इतिवृत्त वेगवेगळं मागितलं. सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. पोस्टाची पावती जपून ठेवा, पुढे तीच लागते.

‘सगळी माहिती द्या’ असं मोघम लिहू नये. मी विचारलं: सदस्यांची नावं, नेमणुकीचे आदेश, कोणत्या प्रवर्गातून नेमणूक, आणि कोणती जागा कधीपासून रिकामी आहे.

३० दिवस उलटले तरी उत्तर नाही. मग प्रथम अपील केलं. त्यालाही पुढच्या ३० दिवसांची मुदत असते. मुदत चुकवली तर माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६) अपिलात लिहिलं. सुनावणीनंतर कागद हातात आले.

उपस्थितीचा तक्ता मी ओळीओळीनं वाचला. काही नावांपुढे बैठकीमागून बैठक सहीची चौकट कोरी. सरकारनं नेमायच्या एका जागेपुढे नुसतं ‘रिक्त’. कागदावर राखीव असलेली जागा भरलीच नाही, तर त्या वर्गाच्या मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृह, परीक्षा शुल्क यांवर त्या टेबलाशी बोलणार कोण? मला याचा मनापासून संताप येतो. कुलगुरू निवडीवर आपण तावातावानं बोलतो, आणि या रिकाम्या खुर्च्या कुणी मोजत नाही.

आता उच्च शिक्षण विभागाकडे अर्ज गेला आहे: ती जागा भरण्याचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे, फाइलवरच्या शेऱ्यांसह प्रत द्यावी.