तुम्ही विचारलंत म्हणून: भाषा येत नसताना एकटी कशी फिरलीस?

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गौरीच्या जेवणाला माणसं येतात आणि पानं उचलता उचलता कुणीतरी विचारतंच, "तिकडची भाषा येत नव्हती ने तुला? मग एकटी कशी फिरलीस?" २०२३च्या नोव्हेंबरात मी पाठीवर एक सॅक घेऊन बँकॉकला उतरले आणि तिथून बसनं, रेल्वेनं, कंबोडिया करत हनोईपर्यंत गेले. सात आठवडे. मावशीनं विचारलंय, शेजारच्या भाभींनी विचारलंय, आणि मी दरवेळी "होतं हो सगळं" म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्याला भाषा बदलणं नवं नसतं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर भाजीवालीशी गुजराती. दुकानांच्या गुजराती पाट्या मी लहानपणी कुणी न शिकवता वाचायला लागले. वरची रेघ पुसायची, वळण जरा बदललेलं धरायचं, की बरीचशी अक्षरं ओळखीची निघतात. ही सवय मला पुढे फार कामाला आली.

पैसे, बस, खोली यांत भाषा फारशी अडत नाही. दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतो, आपण आपला दाखवायचा. कंबोडियात डॉलर देऊन रिएलमध्ये सुटे मिळतात, एका डॉलरला साधारण ४,०००. दोन दिवसांत हिशेब हाताला बसतो.

अडतं ते जेवणात. मी मांस-मासे खात नाही, आणि थायलंडमध्ये नुसत्या पालेभाजीतही माशांचा सॉस असतो. तिथे पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की शिरायचं. त्या जेवणाला 'जे' म्हणतात आणि त्यात कांदा-लसूणही नसतो, अगदी आपल्या चातुर्मासासारखं. व्हिएतनाममध्ये शाकाहाराला 'चाय' म्हणतात. शब्द सोपा वाटला. हनोईत एका गाडीवर मी वाडग्याकडे बोट दाखवून विचारलं, "चाय?" बाई दचकून शेगडीकडे बघायला लागल्या. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा शेगडीखाली वाकून पाहिलं. व्हिएतनामी भाषेत सुरावर अर्थ ठरतो, उत्तरेकडे सहा सूर आहेत. आपण प्रश्न विचारताना आवाज शेवटी वर नेतो, आणि वर नेलेला 'चाय' म्हणजे जळणं, आग लागणं. माझा शब्द बरोबर होता, सूर प्रश्नाचा होता. त्या दिवसापासून मी तिथे प्रश्न विचारणं सोडलं. सपाट आवाजात 'चाय' म्हणायचं आणि थांबायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास तर हे जेवण सहज मिळतं, कारण तेव्हा तिथले अनेक बौद्ध मांसाहार करत नाहीत.

भाषा खरोखर भिंत झाली ती एकदाच, आजारपणात. कंबोडियातल्या एका लहान गावच्या दवाखान्यात मला सांगायचं होतं की मळमळतंय, पण मुरडा नाही, जळजळही नाही. मोबाइल या तिन्हीचं एकच भाषांतर करत राहिला. तिथे मी घाबरले. बरी झाल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे रक्तगट, चालू औषधं आणि मला न चालणारं औषध हे सगळं ख्मेरमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, एका कार्डावर लिहून घेतलं. एकटं निघणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळकळीनं सांगते.

आता कंबोडियातल्याच बाटामबांग गावची गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. मी एका घरातल्या खोलीत राहिले होते. संध्याकाळी घरातली सहा-सात वर्षांची मुलगी ओसरीवर अक्षरं गिरवत मोठ्यानं म्हणत होती, "कॉ, खॉ, को, खो, ङो." मी थबकले. पुढची ओळ, "चॉ, छॉ, चो, छो, ञो." क-वर्ग, च-वर्ग! ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून आली, म्हणून अक्षरांचा क्रम आजही आपलाच आहे. तिथल्याच संबोरच्या एका शिलालेखावर तर शक ६०५, म्हणजे इ.स. ६८३, असं कोरलंय, मधलं शून्य ठिपक्यानं दाखवून. शक म्हणजे आपल्या पंचांगातला शक. मी तिच्याशेजारी बसून "क, ख, ग, घ, ङ" म्हटलं. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली आणि आम्ही दोघी 'म'पर्यंत पोचलो.

मला इतकं भरून आलं की मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आपण लेकराला आशीर्वाद देताना ठेवतो तसा. तिच्या आजीचा चेहरा एकदम बदलला. तिथे डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग, परक्यानं त्याला हात लावायचा नसतो. मला हे वाचून माहीत होतं, तरी हात आपसूक गेला. मी लगेच हात जोडले. ख्मेर नमस्कारात हात जितके उंच तितका मान मोठा, म्हणून आई-वडिलांना करतात तसे नाकापर्यंत नेले आणि मान खाली घातली. आजीनं थोडा वेळ पाहिलं, मग पानावर सोललेला फणस माझ्यापुढे सरकवला.

मला तिथे भाषेपेक्षा जास्त जपावं लागलं ते या हाताला, मानेला. आपण 'हो' म्हणताना मान डोलावतो, ते तर कुणालाच कळत नाही. दोनदा माझ्यासमोरचं ताट परत गेलं.

मावशीची नात जानेवारीत हनोईला निघालीये. परवा तिच्याकडून ओट्यापाशी 'चाय' म्हणून घेत होते. अजून तिचा आवाज शेवटी वर जातो. रविवारी पुन्हा बोलावलंय.