मॅकलॉफ्लिनची खोदलेली फिंगरबोर्ड

ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनने 1969 साली जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर रेकॉर्डिंग केलं, 1971मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा जॅझ-रॉक बँड उभा केला आणि दोन मानांच्या गिटारवर कान दणाणून सोडले. त्यानंतर 1975च्या सुमारास हाच माणूस अकूस्टिक गिटार घेऊन 'शक्ती' या बँडमध्ये झाकीर हुसेन (तबला), एल. शंकर (व्हायोलिन) आणि विक्कू विनायकराम (घटम) यांच्या शेजारी मांडी घालून बसला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात धाडसाचं वळण हेच.

अडचण मींडेची होती, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्याची. सतारीच्या कमानदार पडद्यावर तार खेचायला जागा असते. गिटारवर मात्र बोट लाकडाला घासतं आणि सूर अर्ध्यात अडतो. शक्तीसाठी गिटार बनवणारा कारागीर एब्राहम वेक्टरने बनवलेल्या गिटारमध्ये दोन बदल होते. मुख्य तारांखालून तिरक्या गेलेल्या सात तरफा (न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा) हा एक, आणि फ्रेटांमधलं (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधलं) लाकूड वाटीसारखं खोदलेलं हा दुसरा. बोट फक्त तारेला टेकतं, त्यामुळे तार पकडीत राहते.

हे खोदकाम आपल्या गिटारवर करायचं तर आधी स्वस्त मानेवर हात बसवा. फ्रेटांवर मास्किंग टेप लावा. अर्धगोल कानशीने दोन फ्रेटांच्या मधोमध जास्तीत जास्त दीड मिलिमीटर उतरा, मग 120, 240, 400 नंबरचा पॉलिशपेपर. बाराव्या फ्रेटच्या पुढे सुरुवात करा, कारण मींड तिथेच जास्त लागते. फिंगरबोर्डवर खुणेसाठी बसवलेले ठिपके पातळ असतील तर कानस आरपार जाते, हे आधीच तपासा. मुंबईत हे काम पावसाळ्यात नको. लाकूड फुगलेलं असतं आणि उघड्या मेपलवरचं लॅकर नीट सुकत नाही. रोजवूडला शेवटी तेलाचा हलका हात पुरतो.

खोदल्यावर पहिली तक्रार ठरलेली: कॉर्ड बेसूर वाजतात. दोष लाकडाचा नाही, बोटाचा आहे. खाली आधार नसल्यामुळे जोरात दाबलं की सूर चढतो. पकड हलकी करायला वेळ द्यावाच लागतो.

तारांचंही तसंच. अकूस्टिकच्या 12च्या सेटमध्ये (आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजारांशात) तिसरी तार गुंडाळलेली येते आणि ती खेचली जात नाही. तिथे 17 किंवा 18ची साधी तार लावा. पण साध्या तारेला ब्रिजवर जरा जास्त लांबी लागते. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) तसंच ठेवलंत तर वरच्या फ्रेटांवर ती चढी बोलणार. इलेक्ट्रिकवर 9चा सेट घेतला की हा प्रश्नच येत नाही.

रियाज असा: तानपुरा डी सुरात. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट म्हणजे सा. तिथून तार खेचून रे गाठा आणि नवव्या फ्रेटवर पडताळून पाहा. गिटारची तार खेचली की सूर फक्त चढतो. म्हणून उतरती मींड हवी तर तार न छेडता आधी रे पर्यंत खेचा, मग छेडा आणि सावकाश सोडत सा वर या. आधी खेचताना सूर कानाला ऐकू येत नाही, तो बोटाच्या ताणावरून ओळखावा लागतो. बहुतेकांचं चुकतं ते इथे: रे थोडा उतरलेलाच निघतो.

डिसेंबर 2000मध्ये मुंबईत 'रिमेंबर शक्ती'चं, म्हणजे शक्तीच्या नंतरच्या अवताराचं, ध्वनिमुद्रण झालं. त्यात मॅकलॉफ्लिनच्या हातात तरफा नसलेली इलेक्ट्रिक गिटार आहे आणि सोबतीला देबाशिष भट्टाचार्य यांची स्लाइड गिटार (तारांवर बोटांऐवजी सळई सरकवून वाजवायची). स्लाइडवर मींड वर-खाली सारख्याच सहजतेने फिरते. दोघांचे उतरते सूर लागोपाठ ऐका, आणि मग सातव्या फ्रेटवर परत या.