आणखी काय घेता?

लॅबचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. साखर, कोलेस्टेरॉल यांच्याशी एव्हाना आपली ओळख झालेली असते. एसजीपीटी वाढलेला दिसला, की मात्र घरात कुजबुज सुरू होते, "लिव्हरचं आहे म्हणे." मग तळलेलं बंद होतं, पपई येते, कुणीतरी भुईआवळ्याचा रस सुचवतं.

हा आकडा कसा वाचायचा, याच्या मागे एक माणूस जन्मभर लागला होता. हायमन झिमरमन, अमेरिकन डॉक्टर, जन्म 1914. वॉशिंग्टनमध्ये माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी बरीच वर्षं काढली. कुठल्या औषधाने यकृताची काय दशा होते, हे एकेका रुग्णावरून टिपत 1978 मध्ये त्यांनी या एकाच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. 1999 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्याच वर्षी ते गेले.

त्यांचं म्हणणं एका दमात सांगता येतं. एसजीपीटी हे एंझाइम यकृताच्या पेशीत असतं; पेशीला इजा झाली की ते रक्तात उतरतं. म्हणजे टाकी गळतेय एवढं कळतं, टाकीत किती उरलंय ते कळत नाही. बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य रक्तातून उपसणं हे यकृताचं रोजचं काम. तेही तुंबलं, डोळे पिवळे झाले, आणि पित्तनलिकेत खडाबिडा काही नाही, तर मामला गंभीर. औषधामुळे अशी कावीळ झालेल्यांत दहातला निदान एक दगावतो, काही औषधांत त्याहून कितीतरी जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या रॉबर्ट टेंपल यांनी पुढे या निरीक्षणाला 'हायज् लॉ' म्हणायला सुरुवात केली. हाय म्हणजे आपले हायमनच. एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिपटीवर, बिलिरुबिन दुपटीवर, आणि दुसरं कारण सापडत नाही. नव्या औषधाच्या चाचणीत असे एक-दोन रुग्ण निघाले तरी कंपनीची झोप उडते.

आणि उडायलाच हवी. टॅक्रिन हे स्मृतिभ्रंशावरचं औषध घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या लोकांचा एसजीपीटी वाढायचा, तरी प्रकरण सहसा तेवढ्यावरच निभावायचं. याउलट मधुमेहावरचं ट्रोग्लिटाझोन. चाचणीतल्या 2,510 जणांपैकी जेमतेम दोन टक्क्यांचा एसजीपीटी तिपटीच्या वर गेला, पण दोघांना कावीळ झाली. दोघेही बरे झाले, म्हणून कुणाला फारसं वावगं वाटलं नसावं. झिमरमन यांच्या हिशेबाने बघा: अडीच हजारांत दोन काविळी, म्हणजे दहा-बारा हजारांमागे एक मृत्यू गृहीत धरायचा. औषध 1997 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलं, लाखोंनी घेतलं, माणसं गेली, आणि मार्च 2000 मध्ये ते मागे घ्यावं लागलं.

गंमत म्हणजे एवढी वर्षं उलटली, तरी 'हे औषधामुळेच झालं' असं छातीठोकपणे सांगणारी रक्ततपासणी आजही नाही. बाकीची कारणं एकेक करून वगळायची आणि रुग्णाला विचारत राहायचं: काय घेता, कधीपासून, आणखी काय घेता?

इथेच घोडं अडतं. आपल्याकडे औषधांनी होणाऱ्या यकृताच्या इजेत क्षयाच्या गोळ्या सगळ्यांत वर, पण त्यांची निदान नोंद तरी असते. आमच्या मामींना डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "बीपीची एक गोळी. बाकी काही नाही." घरी फ्रिजच्या दारात गुळवेलीच्या रसाची बाटली, ओट्यावर प्रदर्शनातून आणलेलं सांधेदुखीचं चूर्ण, आणि पर्समध्ये शेजारच्या काकूंनी दिलेल्या लेबल नसलेल्या कॅप्सूल. "अगं, ती का औषधं आहेत?" हे त्यांनी इतक्या निरागसपणे विचारलं, की झिमरमनही गप्प बसले असते.

कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघर गुळवेलीचे काढे उकळत होते. मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: ती गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल नसेल कशावरून? आक्षेप अगदीच गैरलागू नाही. पण बाजारातून आणलेल्या बाटलीत कुठली वेल आहे, हे पिणाऱ्याने तरी कसं ओळखायचं?

हे सगळं मी मामींना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चूर्ण चालेल ना?"