छाटलेली लिलासिना : नववा आठवडा

मागच्या नोंदीतली उंच वाढलेली एचेव्हेरिया लिलासिना, म्हणजे जाड, रसाळ पानांचं माझं सक्युलंट, आठवत असेल. उजेड कमी पडल्यामुळे पानापानांत बोटभर अंतर पडलं होतं. उन्हात आणल्यावर नवी पानं दाट आली, पण ताणलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. मन घट्ट करून शेंडा छाटला.

ब्लेड आधी सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. रोझेटखाली, म्हणजे पानांच्या गोल गुच्छाखाली, दोन सेंटीमीटर दांडा राखला आणि शेंडा रिकाम्या पेल्याच्या काठावर सहा दिवस सावलीत कोरडा ठेवला. पानांवरच्या पांढऱ्या मेणाला हात लागू द्यायचा नाही, फक्त दांडा धरायचा. लिलासिनाचं सगळं रूप त्या मेणात आहे; एकदा पुसलं गेलं की त्या पानावर ते पुन्हा पूर्ववत होत नाही.

जखम सुकल्यावर शेंडा कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवला: दोन भाग प्यूमिस (ज्वालामुखीचे हलके, सच्छिद्र खडे), एक भाग चाळलेलं कंपोस्ट. पाणी नाही. खालची पानं सुरकुतू लागली, तेव्हा हात फार शिवशिवले. पण ही झाडं रात्री पर्णरंध्रं उघडतात, दिवसा मिटून घेतात. पाण्याची उधळपट्टी त्यांच्या स्वभावातच नाही. तिसऱ्या आठवड्यात गुलाबी मुळं दिसली आणि मगच पहिलं पाणी दिलं. आता रोझेट हलवलं तरी हलत नाही!

खालून काढलेल्या अकरा पानांपैकी सात पानांना पिल्लं, म्हणजे इवली नवी रोपं, आली. दोन पानांना नुसतीच मुळं आहेत. उरलेली दोन कुजली. ती काढताना देठाचा तळ दांड्यावरच राहिला होता, आणि पिल्लू फुटतं ते त्या तळातूनच. पान डावीकडे-उजवीकडे हळू हलवत काढलं तर तळासकट निघतं.

सगळ्यात मोठा आनंद मात्र उरलेल्या बुंध्याने दिला. टाकून द्यायच्या बेतात होते. पाचव्या आठवड्यात पानांच्या जुन्या खुणांजवळ डोळे फुगले आणि आता तिथे चार पिल्लं आहेत, सर्वांत मोठं वाटाण्याएवढं. छाटलेले बुंधे कृपया फेकू नका.

काल एका पिल्लाच्या बगलेत पिठ्या ढेकूण, ही रस शोषणारी पांढरी कीड, सापडला. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपला, कुंडी वेगळी ठेवली. आता दर तीन दिवसांनी भिंगातून बघतेय. पिल्लं रुपयाएवढी होईपर्यंत बुंध्यावरच राहतील.