कोपर आणि कोपरा

आमच्या बाथरूममध्ये चार दिवस पुठ्ठ्याचं बेसिन होतं. रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी तो कोपऱ्यात, दोन्ही भिंतींना चिकटपट्टीने डकवला होता, जमिनीपासून ८० सेंमीवर. नळ नाही, पाणी नाही, नुसता आकार. घरातल्या प्रत्येकाने त्याला एकदा तरी धडक दिली. सासूबाईंनी पहिल्या दिवशी त्यावर साबण ठेवला आणि तो त्यांच्या पायावर पडला. मुलाने खोटं खोटं तोंड धुऊन पाहिलं आणि जाहीर केलं, "आई, माझं कोपर भिंतीला लागतंय!"

त्याच्या वाक्याने मी थबकले. कोपर आणि कोपरा यांच्यात फरक तो एका कान्याचा, आणि दुकानांच्या चकरा मारताना मला नेमका त्याचाच विसर पडला होता. मी कोपरा मोजत होते. कोपर कुणी मोजलंच नव्हतं.

हे खूळ सुरू झालं ते दारामुळे. जुनं बेसिन भिंतीच्या मधोमध होतं आणि दार उघडलं की त्याच्या कडेवर आपटायचं. कडेचा टवका उडाला तेव्हा त्याला कोपऱ्यात हलवायचं ठरलं. कोपरा काय, रिकामाच असतो, फार तर एखादी बादली उभी असते तिथे. निर्णय पाच मिनिटांत झाला. निवडायला महिना लागला.

कारण कॅटलॉग. कोपऱ्यातल्या बेसिनच्या नावापुढे जो आकडा असतो तो बहुधा भिंतीलगतच्या बाजूचा. ४० म्हणजे दोन्ही भिंतींवर ४०-४० सेंमी. पण ते खोलीत किती घुसणार, हे त्या आकड्यात नसतं. पुढची कड सरळ छाटलेली असेल, तर ती कोपऱ्यापासून जेमतेम २८ सेंमीवर येते. पाव वर्तुळाची असेल तर ४०वर. आणि बेसिन चक्क चौकोनी असेल, तर त्याचं टोक ५७ सेंमीवर, बरोबर कमरेच्या उंचीला, दबा धरून बसतं. तिघांच्याही नावापुढे आकडा मात्र ४०च. शाळेत काटकोन त्रिकोणाला ज्यांनी जांभया दिल्या, त्यांचा हिशेब तो असा वर्षांनी चुकता करतो.

मग सर्वांत कमी घुसणारं, छाटलेलं बेसिनच घ्यावं ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या त्रिकोणात बसू शकणारं मोठ्यात मोठं गोल भांडं २३ सेंमी व्यासाचं, तेही कडेची जाडी आणि नळाची जागा सोडायच्या आधीचं. पाव वर्तुळात तेच ३३ होतं. या दहा सेंमींत हात धुणं आणि तोंड धुणं एवढं अंतर आहे. तोंडावर पाणी मारताना आपण वाकतो, आणि ओंजळीतलं निम्मं पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत येतं. तिथे ते क्षणभर थांबतं, थेंब धरतं आणि गळतं. कोपर बेसिनच्या आत असेल तर ठीक. बाहेर असेल तर थेंब आपल्याच पावलावर. चार माणसांनी तोंडं धुतली की जमीन कुणीतरी नुकतीच पुसून गेल्यासारखी दिसते. पाहुण्यांनी फक्त हात धुवायचे असतील तिथे छोटं बेसिन चालतं. रोज सकाळी जिथे सगळं घर रांगेत उभं असतं तिथे नाही. म्हणून मी पाव वर्तुळ घेतलं, पुठ्ठा तीनदा कापल्यावर.

नळाचंही तेच. उंच, डौलदार मानेचा नळ मला फार आवडला होता. उथळ बेसिनवर तो लावला की धार वरून आपटते आणि सदरा भिजतो. नळ बुटका हवा आणि धार वेस्टच्या, म्हणजे पाणी जायच्या भोकाच्या, जाळीच्या आसपास पडायला हवी. दिसायला अगदीच बेताचा आहे आमचा.

बेसिन आलं. प्लंबरकाका आले, आणि सोबत गुण्याही, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. कोपऱ्यात गुण्या धरून त्यांनी एक डोळा बारीक केला.

"ताई, कोपरा गुण्यात नाही."

"म्हणजे?"

त्यांनी पेन्सिल काढली. एका भिंतीवर कोपऱ्यापासून ६० सेंमीवर खूण केली, दुसऱ्या भिंतीवर ८०वर. दोन खुणांमध्ये तिरपी टेप धरली. "काटकोन असला तर हे शंभर पायजे." टेपवर १०१ आणि वर दोन बारीक रेघा. माझ्या मते एवढं काही बिघडलेलं नव्हतं. त्यांनी न बोलता बेसिन उचलून कोपऱ्याला लावलं. एका भिंतीला ते अगदी चपखल बसलं आणि दुसरीकडे शेवटाला माझी करंगळी जेमतेम शिरेल एवढी फट उरली. भिंती कोपऱ्यात अंशा-दीड अंशाने जास्त फाकल्या होत्या. एरवी त्या खोलीत जन्मभर राहूनही हे मला कळलं नसतं. सरळ भिंतीवरचं बेसिन असल्या गोष्टी पोटात घालतं; कोपऱ्यातलं चारचौघांत बोलून दाखवतं.

"आता?"

"दोन्ही भिंतींना अर्धं अर्धं वाटून देऊ," काका म्हणाले आणि बेसिन किंचित फिरवून त्यांनी बोल्टच्या खुणा केल्या. फटीत आधी भर, मग वरून सिलिकॉन. एक सेंमीची फट नुसत्या सिलिकॉनने भरायची नसते, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. कोपऱ्याचा एक फायदाही सांगितला: वजन दोन भिंती वाटून घेतात. खाली बॉटल ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या नळीवरचं बाटलीसारखं भांडं, लावताना त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि तिथेच अडकला. ट्रॅप साफ करायला कधीतरी उघडावा लागणार, हे बेसिन आखणाऱ्याच्या गावीही नसावं. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम अडून राहतं आणि तेच गटाराचा वास वर येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने १७७५ साली शौचकूपाच्या पेटंटमध्ये वाकडी नळी आणली ती याचसाठी. काका मात्र त्या घडीला कोपर सोडवून घेण्यात गुंतले होते.

आमचं बेसिन पाहून नणंद म्हणाली, "वहिनी, मी स्वयंपाकघरातलं सिंकपण कोपऱ्यातच घेते." मी तिला खाली बसवलं.

भाड्याच्या घरात मी तीन वर्षं तसल्या सिंकपाशी भांडी घासली आहेत. ओट्याची रुंदी ६० सेंमी. दोन ओटे काटकोनात मिळतात तिथे आतल्या बेचक्यापासून भिंतींच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं अंतर होतं ८५. आणि माणूस त्या बेचक्यात शिरू शकत नाही. दोन्ही बाजूंच्या कडा कमरेला अडवतात, पोट वीतभर अलीकडेच थांबतं. झाले शंभराच्या वर. सिंकच्या मागे उरलेल्या त्रिकोणात घासणी पडली की ती काढायला ओट्यावर पोटावर आडवं व्हावं लागायचं. तिथे एक रोपटं ठेवलं तर ते पाण्याअभावी वाळलं. नळापासून वीतभर अंतरावर! शिवाय भांडी घासणारा माणूस बरोबर बेचक्यात उभा, म्हणजे दोन्ही ओट्यांचा पहारेकरी. दुसऱ्या कुणाला साधं चमचाभर मीठ हवं असलं तरी त्याच्या पाठीवर टकटक करावी लागते.

फुलपाखरासारखी दोन भांड्यांची सिंक मिळतात, एक एका ओट्यात आणि दुसरं दुसऱ्यात. चित्रात फार गोड दिसतात. घासायचं डावीकडे, निथळायचं उजवीकडे, आणि मधे आपण दिवसभर कमरेतून वळतोय.

तिची बाजूही खोटी नव्हती म्हणा. सिंक कोपऱ्यात गेलं की दोन्ही ओटे सलग मोकळे मिळतात, आणि कोपऱ्याखालचं कपाट तसंही कुणाच्या हाताला लागत नाही. ते नळ्यांना देऊन टाकलं तर कुणाचं काही जात नाही. घ्यायचंच तर एकच मोठं भांडं घे, ओट्याच्या पुढच्या कडेजवळ आण आणि भांड्याचे आतले कोपरे गोल बघ, असं मी म्हटलं. कोपऱ्यात बसणाऱ्या सिंकला स्वतःचे आणखी चार कोपरे कशाला? काळं किटण तिथेच साचतं. ती विचार करते म्हणाली. म्हणजे घेणार.

आरशाचं मात्र मी आधी अजिबात ठरवलं नव्हतं. कोपऱ्यातल्या बेसिनवर आरसा लावणार कुठे? एका भिंतीवर लावला तर मान वाकडी करून बघावं लागतं. म्हणून दोन्ही भिंतींवर एकेक, कोपऱ्यात कडेला कड भिडवून लावला. असे काटकोनातले दोन आरसे प्रतिबिंब दोनदा उलटवतात, त्यामुळे ते सुलट होतं. जग आपल्याला बघतं तसे आपण दिसतो. नवरा पहिल्याच सकाळी भांग पाडायला गेला आणि कंगवा भलत्याच बाजूला फिरवत राहिला.

पण हे काटकोन असला तर. काकांनी बेसिनला अर्धं अर्धं वाटून दिलं, आरसे मात्र भिंतींनाच चिकटलेले आहेत. दीड अंशाची फाक तिथे चेहऱ्याच्या ऐन मध्यावर येते आणि मधली पट्टीच गाळून टाकते. दोन डोळे एकमेकांना खेटलेले, आणि नाक जवळजवळ नाहीच. मागे सरकलं तर आणखी जातं. मुलगा आता दात घासायला वीस मिनिटं लावतो. पाहुणे हात धुवून बाहेर येतात तेव्हा त्यांचा एक हात हळूच नाकाकडे गेलेला असतो.