व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत हॅपी आयलला जाऊ नका

लेक ट्राउट मासे मिळाले, भरपूर मिळाले. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची सगळी चिडचिड रिकाम्या हाताने परतल्याची वाटेल.

कॅनडात मेच्या उत्तरार्धात व्हिक्टोरिया डेची सुट्टी येते, तेव्हा मी आणि मावसभाऊ टोरांटोहून अल्गाँक्विन पार्कात गेलो. ओपिअंगो हे तिथलं सगळ्यात मोठं तळं. त्याच्या उत्तरेच्या फाट्यावरून हॅपी आयल तळ्यात जायला २१८० मीटरचं पोर्टेज आहे, म्हणजे कनू (वल्ह्याची हलकी होडी) डोक्यावर घेऊन जंगलातून चालायचं. पार्कबाहेरच्या ज्या दुकानातून कनू भाड्याने घेतली, तिथल्या माणसाने दोन गोष्टी ठासून सांगितल्या: "अर्ध्या तासाचं काम आहे" आणि "काळ्या माश्या अजून निघालेल्या नाहीत." दोन्ही थापा.

हिशोब बघा. पहिल्या फेरीत कनू, मग मोकळ्या हाताने परत, मग सामान. तीनदा २१८०, म्हणजे साडेसहा किलोमीटर. बुकिंग होतं केव्हलरच्या, म्हणजे हलक्या पण चिवट धाग्याच्या कनूचं, वीसेक किलोच्या. हातात पडली प्लास्टिकची, तीस किलोच्या पुढची. "केव्हलरची आत्ताच गेली हो." भाडं मात्र केव्हलरचंच. खांद्यावर टेकतो त्या आडव्या दांड्याला गादी नाही, तेव्हा जॅकेटची घडी घालून भागवलं.

आणि माश्या! काळी माशी डासासारखी टोचत नाही, कातडी कापते. दोन्ही हात कनूला अडकलेले, कनूच्या पोटाखाली वारा शून्य, आणि त्या निवांत कानामागे, केसांच्या कडेला बसून जेवतात. मागून भाऊ म्हणाला, "दादा, मानेवरनं रक्त येतंय तुझ्या." म्हटलं, "मग काय टाळ्या वाजवू?" दुसऱ्या दिवशी त्याचा एक डोळा सुजून अर्धा मिटला होता.

डोक्यावरून घ्यायची जाळी नसेल तर त्या वाटेवर पाऊल टाकू नका. नुसत्या स्प्रेवर विसंबू नका. कपडे फिक्या रंगाचे घाला, गडद निळा तर नकोच, आणि पँट मोज्यात खोचा. तळ्याच्या मध्यावर वारा असला की माश्या गायब होतात, अंधार पडला की थांबतात, तंबूत शिरल्या तरी चावत नाहीत. खरा छळ पोर्टेजवर आणि त्याच्या दोन्ही टोकांना, त्यामुळे तिथे चहापाण्याला रेंगाळू नका.

मग जायचं कधी? ट्राउटचा मोसम एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतो, पण तेव्हा तळ्यावर बर्फ असू शकतो. बर्फ फुटल्यापासून मेच्या मध्यापर्यंत पाणी गार असतं, मासा वरच्या थरात, किनाऱ्यालगत फिरतो आणि माश्या अजून जोरात नसतात. तेवढीच संधी. ह्या माशाला दहाएक अंशांचं पाणी मानवतं, त्यामुळे उन्हाळ्यात तो खोल जातो आणि शिसं लावून त्याच्यामागे जावं लागतं.

पकडणं सोपं आहे. चंदेरी स्पून (चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष), मागे लांब सोडलेली दोरी, अगदी संथ वल्हवणं आणि मधेच थांबणं. बहुतेक वेळा थांबल्यावरच ओढ बसते. अंगावर फिके ठिपके आणि शेपटीला खोल खाच दिसली की समजा तोच. जिवंत माशाचं आमिष पार्कात जवळ बाळगणंही बेकायदा आहे. परवाना घरूनच काढून घ्या. मोठा मासा सोडून द्या: तो वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि त्याच्यात पाराही जास्त असतो. मध्यम मासा हळद-तिखट-रव्यात तळा, मात्र मसाला पिशवीत न्या. काचेच्या बरण्या आणि पत्र्याचे डबे आतल्या भागात चालत नाहीत. साफ करायचं काम तंबूपासून लांब करा, अस्वलं आहेत.

तळ्यावरचे दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ओपिअंगो स्वतः वल्हवत ओलांडायचा हट्ट नको. दुपारी वारा सुटला की लाटा उठतात आणि मेमधलं पाणी माणसाला मिनिटांत गारठवतं. वॉटर टॅक्सी थेट पोर्टेजच्या तोंडाशी सोडते, तिथे पैसे वाचवू नका. टॅक्सीत असा वा कनूत, लाइफ जॅकेट अंगातच हवं.

परत आल्यावर त्याच दुकानदाराने कनूच्या तळाला ओरखडे दाखवून वेगळे पैसे काढले. ते ओरखडे जुने होते, पण पुरावा काय? तेव्हा कनू गाडीवर चढवण्याआधी ती उलटी करून तळाचे फोटो काढा, त्याच्या देखत. आणि केव्हलर मिळत नसेल तर तिथल्या तिथे भाडं कमी करून घ्या, नाहीतर दुसरं दुकान बघा.