फुटकी वाटी: २७ मिनिटांचं काय करायचं?

२७ मिनिटं २ सेकंद. २७ मिनिटं ८ सेकंद. २७ मिनिटं ५ सेकंद.

हे तीन आकडे परवा रात्री एकाखाली एक लिहिले आणि पेन फेकून दिलं. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहून बसलो होतो की आजोबांच्या पूजेच्या पेटीतली ‘फुटकी वाटी’ म्हणजे घटिकापात्र, तळाच्या भोकातून भरत एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, बुडणारं वेळ मोजायचं जुनं भांडं; आता फक्त पाण्यावर सोडायची आणि २४ मिनिटं मोजायची. तर मंडळी, वाटी बुडते. अगदी देखणी बुडते. पाणी काठाशी आलं की क्षणभर थबकते, मग एका बाजूनं कलते आणि गुडुप. पण घटका भरते ती तीन मिनिटं उशिरा. तोवर मुहूर्त टळलेला, भटजी घामाघूम आणि नवरदेव अंतरपाटाआडून बघतोय.

वाटीची ओळख मागच्या नोंदीत करून दिली होती, त्यामुळे नव्यानं घेतलेली मापं तेवढी देतो. तोंडाचा व्यास १४.२ सेंटिमीटर, खोली ६.८. वजन २१२ ग्रॅम (स्वयंपाकघरातला काटा, परवानगीशिवाय). काठोकाठ ७०० मिली पाणी मावतं. तांबं, आतून कल्हई. पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. हे वजन आणि आकारावरून काढलंय, कारण माझ्या डिजिटल व्हर्नियरचा सेल पुन्हा मेला. स्वस्तातला व्हर्नियर घेऊ नका. बंद ठेवला तरी सेल खातो. शाळेतला पट्टीवाला घ्या, तो नातवंडांना पुरेल.

‘हे अभिषेकपात्र कशावरून नाही?’ हा प्रश्न मी आता मिटला असं समजतो. अभिषेकाची गळती पिंडीवर टांगायची किंवा तिवईवर ठेवायची असते, म्हणून तिला कड्या असतात नाहीतर बसायला रुंद काठ असतो. इथे कान नाहीत, कडी नाही, कडी तुटल्याची खूणही नाही. शिवाय रिकामी पाण्यावर सोडली की ही वाटी सरळ, अजिबात न कलता उभी राहते. टांगायच्या भांड्याचा तोल इतका सांभाळायची कुणाला गरज? तांबट आळीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाटी उजेडात फिरवली, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. “एका पत्र्याची आहे. जोड नाही कुठं. आणि मठार बघा, हे हातोडीचे ठोके, तळाकडनं काठाकडं गोल गोल चढत गेलाय, एक ठोका चुकलेला नाही. घरच्या वाटीला एवढी मेहनत कोण घेतंय?” याच वाटीला जुन्या बाजारातला एक विक्रेता ‘शिवकालीन’ म्हणाला होता. तो त्याच्याकडच्या स्टोव्हच्या पिनेलाही शिवकालीन म्हणतो.

आता मूळ दुखणं.

सुरुवातीचे आकडे तर याहून वाईट होते. प्लास्टिकच्या टबात नळाचं पाणी घेतलं: २६:५०, मग २७:२५, मग २८:४०. प्रत्येक बुडीला वाटी आणखी आळशी. मला वाटलं स्टॉपवॉच दाबण्यात चूक होतेय, म्हणून मोबाइल ट्रायपॉडवर लावून चित्रीकरण केलं. चूक माझी नव्हती. पाण्यातला बारीक गाळ भोकाशी साठत होता, आणि कोरडी वाटी सोडली की भोकात हवेचा बुडबुडा अडकून बसत होता. तेव्हा सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातला श्लोक परत काढून वाचला: तळाला भोक असलेलं तांब्याचं पात्र कुंडातल्या ‘अमल’ (स्वच्छ) पाण्यात ठेवलं की अहोरात्रात साठ वेळा बुडतं, ते कपालयंत्र. ‘अमल’ हा शब्द मी वृत्त भरायला घातलाय असं समजून सोडून दिला होता. तो वापरायच्या सूचनेसारखा वाचायला हवा होता. पाणी दुहेरी पंचातून गाळून घेतलं, वाटी आधी ओली करून घेतली, टबाऐवजी आजीचं घंगाळ काढलं. आकडे लगेच शहाण्यासारखे एका जागी बसले. फक्त चुकीच्या जागी बसले.

मग पाण्याचं तापमान. फ्रिजमधलं गार पाणी घातलं तर साधारण पाऊण मिनिट जास्त लागतं, कोमट घातलं की थोडं लवकर. पण तीन मिनिटं भरून काढायला पाणी किती तापवायचं? वाटी बुडवायची आहे, चहा करायचा नाही.

वजनाची शंकाही तपासली. शंभर वर्षं चिंच-मीठ लावून घासल्यानं तांबं झिजलं असेल तर? वाटी आपल्या वजनानं पाण्यात जितकी खाली बसते, तितका बाहेरच्या पाण्याचा भोकावर रेटा. वजन घटलं की रेटा घटतो आणि बुडायला वेळ लागतो. दिशा बरोबर आहे. पण तीन मिनिटांइतकी झीज व्हायची तर मठाराचे ठोके दिसेनासे झाले असते. ते तर बोटांना लागतात.

उरलं भोक. इथे चुलतभावाचं आणि माझं वाजलं. त्याचं म्हणणं: “सुई घाल, फिरव, दोन मिनिटांत साफ. कसलं संशोधन करत बसलायस?” मी वाटी कपाटात कुलूप लावून ठेवली. या भांड्यात मोलाची गोष्ट एकच, आणि ती म्हणजे जिथे तांबं नाही तो सव्वा मिलिमीटरचा ठिपका. बुडायचा वेळ भोकाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे व्यासात केसाएवढा फरक पडला तरी मिनिटं सरकतात. सुई एकदा फिरली की मूळ माप कायमचं गेलं. जुन्या वस्तूला आधी चकाकी आणणाऱ्या आणि मग माहिती विचारणाऱ्या सगळ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

त्याऐवजी मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून दोन्ही बाजूंनी फोटो काढले, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. बाहेरून भोकाची कड लालसर, साधारण १.२ मिलिमीटर. आतून मात्र कडेला चंदेरी ओठ आहे, भोकात किंचित उतरलेला. फोटो मोठा करून पाहिला आणि खुर्चीवरून उठलोच. कथील! भोकाच्या आत कल्हई गेलीय.

आता सांगा, पाण्यावर तरंगायच्या भांड्याला कल्हई कशाला? कल्हई आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून. रात्री साडेनऊला सांगलीला आत्याला फोन लावला. आत्या ८४ वर्षांची आहे आणि तिला सगळं आठवतं, फक्त जेवणानंतरची गोळी घेतली की नाही ते सोडून.

“कल्हई? मीच दिली होती रे. कल्हईवाला वाड्याबाहेर बसला होता, आईनं सांगितलं सगळी भांडी काढ. मी पूजेच्या पेटीतली वाटीपण नेऊन दिली. मला काय माहीत!”

तिनं पुढे ते दृश्यच उभं केलं. जमिनीत खड्डा, त्याला भाता, भाता ओढायला गल्लीतली पोरं. भांडं लाल तापलं की नवसागराची चिमूट, पांढऱ्या धुराचा लोट, कथलाची कांडी टेकवली न टेकवली की कापसाच्या बोळ्यानं सर्रकन फिरवायचं, आणि पाण्यात चर्र. “तुझे आजोबा संध्याकाळी आले, वाटी बघितली, आणि काही बोललेच नाहीत. जेवलेपण नाहीत. मला वाटलं पोट बिघडलं असेल.” थोडं थांबून म्हणाली, “नंतर त्यांनी ती कधी काढली नाही. तसंही मनगटावर घड्याळ होतंच.”

हिशोब करून पाहिला. आज २७ मिनिटं ५ सेकंद लागतात आणि मुळात २४ लागत असतील, तर व्यास सहा टक्क्यांनी कमी झालेला असायला हवा, म्हणजे सुमारे ०.०७ मिलिमीटर. डोक्यावरच्या एका केसाची जाडी. कल्हईचा पातळ हात एवढं सहज करेल. भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या लग्नाच्या कथेत घटिकापात्राच्या भोकात मोती अडकतो आणि मुहूर्त टळतो. आमच्याकडे कथील अडकलं.

इथवर लिहून पुढे मी असं लिहिणार होतो: ‘रविवारी तांबट आळीत जाऊन फक्त भोकापाशी कल्हई उतरवून घेणार.’ फोनवर बोलणंही झालं होतं. पण नोंद टाकण्याआधी वाटीचा शेवटचा एक फोटो काढावा म्हणून टॉर्च आडवा धरला, आणि आतल्या भिंतीवर तीन ओरखडे दिसले. कल्हईखाली. वरून उजेड टाकला की नाहीसे, आडव्या उजेडात स्पष्ट. प्रत्येक नखाएवढा, आडवा, मुद्दाम ओढलेला. तळापासून पहिला ३ सेंटिमीटरवर, दुसरा त्याच्यावर ११ मिलिमीटरवर, तिसरा आणखी ८ मिलिमीटरवर. वर जातील तसे जवळ येतात.

घासताना पडलेले ओरखडे असे हिशोबानं जवळ येत नाहीत. वाटी वर रुंद होत जाते आणि रेटाही कमी होतो, म्हणून तेवढ्याच वेळात पाणी कमी चढतं. झोपायचं सोडून घंगाळ भरलं. ट्रायपॉड वरून लावला.

पाणी पहिल्या ओरखड्याला ६ मिनिटं ४५ सेकंदांनी. दुसऱ्याला १३:४०. तिसऱ्याला २०:२०. बुडी २७:०५.

पाव, अर्धी, पाऊण घटका! १५ पळं, ३० पळं, ४५ पळं (साठ पळांची एक घटका). सात-आठ सेकंद इकडेतिकडे सोडले तर तंतोतंत. आणि सगळ्यात गोड भाग असा की भोक लहान झालं म्हणून हे गुणोत्तर बदलत नाही. प्रत्येक टप्पा सारखाच लांबतो. मी तीन आठवडे २४ हा आकडा सिद्ध करायला धडपडत होतो, आणि उत्तर २४ मध्ये नव्हतंच. अभिषेकपात्राला कुणी पाव-अर्ध्या-पाऊण वेळेच्या खुणा करत नाही. वाटी ओळखली गेली, आणि कल्हईला हात न लावता.

त्यामुळे रविवारचा बेत रद्द. तांबटकाकांना कळवलं, ते म्हणाले, “बरं झालं. मलाही धीर होत नव्हता.”

याच संदर्भात एक मजा. लल्लासारख्या जुन्या ज्योतिषांनी घटिकापात्राचं माप अगदी शिंप्यासारखं दिलंय: दहा पळं तांबं, सहा अंगुळं उंच, त्याच्या दुप्पट रुंद, आणि भोक पाडायला तीन आणि एक तृतीयांश माषे सोन्याची चार अंगुळं लांब सुई. (इथलं पळ वजनाचं. एकच शब्द तांब्यालाही आणि काळालाही, वाचताना दोनदा गफलत झाली.) आमची वाटी आकारानं लहान, पण उंचीच्या दुप्पट रुंदी बरीचशी जुळते. भास्कराचार्यांना मात्र हे सुईपुराण पटलेलं नाही. सिद्धांतशिरोमणीत, म्हणजे शके १०७२ मध्ये, ते सरळ सांगतात: अर्ध्या घटासारखं तांब्याचं पात्र करा, तळाला भोक पाडा, अहोरात्रात किती वेळा बुडतं ते मोजा, अहोरात्राला त्या संख्येनं भागलं की तुमच्या पात्राचं माप मिळालं. पात्राला काळाच्या मापात बसवायच्या भानगडीतच पडत नाहीत. आमच्या वाटीची एक बुडी म्हणजे एक घटका आणि पावणेआठ पळं. असू दे.

तर आता नवा बेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत अखंड बुड्या मोजायच्या. गणितानं ५३ आणि वर थोडं यायला हवं. अडचणी अशा: दर सत्तावीस मिनिटांनी वाटी काढून लगेच परत सोडायची, त्यात जाणारे सेकंद वेगळे धरायचे. दुपारी पाणी तापणार, पहाटे गार होणार, म्हणून घंगाळाला ओलं पोतं गुंडाळून बघतो. कुणाकडे थर्मामीटरची बरी सोय असेल तर कळवा, भिंतीवर लावायचा नको. दुसरी एक कल्पना आत्ताच सुचली: तांबटकाकांकडून याच मापाची कोरी वाटी करून घ्यायची, भोक १ मिलिमीटरपासून सुरू करून थोडं थोडं वाढवत २४ वर आणायची. म्हणजे सुई फिरवायची हौस चुलतभावालाही भागवता येईल.

रात्रीच्या पाळीचा प्रश्न होता. घरातून कुणी तयार नाही. काल आत्याला आकडे सांगायला फोन केला. लहानपणी मांडवाच्या कोपऱ्यातल्या घंगाळाजवळ पोरांना कुणी फिरकू देत नसे, असं ती म्हणाली. मग म्हणाली, “मला आणायला गाडी पाठव. बारा ते पाच मी बघते. मला तशीही झोप लागत नाही.”